झेंडा वर, जावई खाली

आधीच माफी मागून घेतो. हे मी कागदावर लिहून आणलंय, कारण नुसतं उभं राहून बोल म्हणाल तर माझ्या तोंडातनं शब्द फुटत नाही, आणि लिहिलंय ते आठवीत शाळा सोडलेल्या हातानं, त्यामुळं ऱ्हस्व कुठं पडलाय, दीर्घ कुठं उभा राहिलाय, त्याचा काही नेम नाही. तुम्हाला ऐकताना कळायचं नाही म्हणा. मला मात्र वाचताना कळतंय. शब्दही साधेच आहेत, गिरणीतले. तर लिहिण्यात चुकलो असेन ते कबूल, दहादा कबूल... पण हात वर केला ते चुकलं, हे मी कबूल करणार नाही, आणि गेला महिनाभर मुरुमपासून अणदूरपर्यंत जो भेटतो तो मला नेमकं तेवढंच कबूल करायला लावतोय. पानवाला म्हणतो, शंभू, हात खिशात राहिला असता तर कुजला असता का रे? न्हावी म्हणतो, आणि मानेवर वस्तरा टेकवून म्हणतो, की हात वर करायची एवढीच हौस होती तर शाळेत असताना करायचा, आठवी तरी झाली असती. अहो, मी कुणाचा खून केला नाही, कुणाची पोरगी पळवली नाही... पळवली असती तर निदान लग्न तरी झालं असतं! तुम्हाला सांगतो, मी फक्त हात वर केला होता.

आता मी कोण, ते सांगायला पाहिजे. मुरुमला बाजाराच्या मागच्या गल्लीत आमची पिठाची गिरणी आहे. वडिलांची दोन बोटं पट्ट्यात गेली आणि त्याच आठवड्यात माझी शाळा गेली. बोटं निदान दवाखान्यानं कागदात गुंडाळून परत दिली, शाळेचं तेवढंही हाताला लागलं नाही. तेव्हापासनं गिरणी मीच चालवतो. गिरणीत बोलायचं काम नसतं बघा. पट्टा फिरायला लागला की गिऱ्हाईक ओरडतं आणि आपण मान हलवायची, बस. बारा वर्षं मान हलवून हलवून माझं बोलणंच आटलं. पण एक गोष्ट मला येते, आणि ती म्हणजे डब्यांची रांग. ज्याचा डबा आधी, त्याचं दळण आधी. मग तो फौजदाराचा असो नाहीतर फुटाणेवाल्याचा असो. एकदा घरी पाहुणे येऊन बसलेले, आईनं घाईघाईत ज्वारीचा डबा पाठवला, आणि मी तो नंबरानं सातवा ठेवला. पाहुण्यांनी त्या दिवशी नुसता भात खाल्ला. आई अजून बोलून दाखवते.

आमच्या गल्लीत धुरपताबाई म्हणून एक म्हातारी आहे. तिचं रोजचं ठरलेलं. डबा रांगेत शेवटी ठेवायचा आणि मग लुगड्याच्या आडून पायानं, हातानं नाही हं, पायानं, हळूहळू पुढं सरकवायचा. मी रोज बघतो, रोज उचलून मागं ठेवतो, आणि ती रोज एकच वाक्य म्हणते, ‘मेल्या, कोन पोरगी दील रं तुला?’ रोज. सणावारालासुद्धा.

तर असल्या माणसाला फुटबॉलचं काय काम? काहीच नव्हतं. पण गिरणीसमोर साद शेखचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि दुपारी दळण नसलं की तो मला बोलवायचा आणि दुरुस्तीला आलेल्या कुणाच्या तरी मोबाईलवर परदेशातल्या मॅचा दाखवायचा. आता दुरुस्तीला आलेला मोबाईल म्हणजे काच तडकलेलीच असणार. पहिले तीन महिने मी ज्या मोबाईलवर बघितलं त्याचा डावा कोपरा काळा होता, त्यामुळं डावीकडनंही कुणीतरी खेळतं हे मला उन्हाळा संपल्यावर कळलं. मी सादला म्हणालो, तो बघ, नवीन खेळाडू घेतलाय. साद हसून हसून स्टुलावरनं पडला.

मग त्यानं मला डावपेच शिकवायला घेतले. कसे? तर गिरणीच्या कट्ट्यावर दाणे मांडून. मागं ज्वारीचे चार, मधे तुरीचे चार, पुढं हरभऱ्याचे दोन. हे असे चढणार, हे असे उतरणार, हा ह्याला झाकणार. मला कुठं जरा कळायला लागलं होतं तेवढ्यात धुरपताबाई आली, म्हणाली, काय धान्य सांडून ठिवलंय, आणि आमची मधली फळी गोळा करून आपल्या डब्यात टाकून मोकळी झाली. साद म्हणाला, बघ, मधली फळी कमजोर असली की असंच होतं.

सगळं कळलं, पण ऑफसाईड काही कळेना. नियम असा की आपल्या माणसानं पास मारला त्या क्षणाला, समोरच्या संघाचा शेवटून दुसरा माणूस जिथं उभा असेल त्याच्या पुढं तुम्ही नसायचं. शेवटून दुसरा का? कारण शेवटचा बहुतेक गोलकीपर असतो. बहुतेक म्हणजे? नसला तर? मग शेवटून दुसरा कोण धरायचा? साद म्हणाला, यार, तू गणितात नापास झाला असणार. मी म्हणालो, परीक्षेपर्यंत पोचलोच नाही. आणि तो डाव काय, तर म्हणे बचाव करणारे मुद्दाम सगळेच्या सगळे एकदम पुढं सरकतात, आणि समोरचा खेळाडू हललासुद्धा नसताना तो गुन्हेगार ठरतो. मी म्हणालो, हे कसं? त्यानं काही केलंच नाही तर तो चुकला कसा? मला रात्रंदिवस तेच... असो.

आणि मग तामलवाडीला एका लग्नात मला ते कळलं. पंगत बसली होती. वीस-बावीस माणसं एका रांगेत, सगळ्यांची जेवणं होत आलेली, आणि तुम्हाला ठाऊक आहे, पंगतीत एकट्यानं उठायचं नसतं, सगळ्यांनी मिळून उठायचं. तर कुणीतरी म्हणालं, उठा! अख्खी रांग एका दमात उठली. आणि मधोमध एक जाडसर पाहुणा, तोंडात जिलबी, समोर भरलेलं ताट, एकटाच बसलेला. सगळा मांडव त्याच्याकडं बघतोय. त्यानं काय केलं होतं हो? काहीच नाही! जागेवरनं हललासुद्धा नव्हता. बाकीचे हलले म्हणून तो खादाड ठरला. मी जन्मात पहिल्यांदा चारचौघांत ओरडलो, ‘साद, हा बघ ऑफसाईड!’ तो पाहुणा जिलबी गिळायचाच विसरला.

माझी ही पंगत सादला एवढी आवडली की तो मुरुमच्या टीमचा कप्तान असल्यामुळं त्यानं ती तशीच्या तशी मैदानावर नेली. चार बचाववाले रोज संध्याकाळी एका रांगेत उभे करायचे, आणि साद ‘उठा’ म्हणाला की चौघांनी एका दमात पुढं यायचं. दोन महिने त्यानं तेवढंच घोटून घेतलं. मी कौतुकानं बघत होतो. आपल्या डोक्यातनं निघालेली गोष्ट दुसऱ्याच्या कामाला येतीय म्हणून मला गार वाटत होतं. आपलाच दोर वळला जातोय हे बैलाला कळत नसतं.

आता मधेच सोयरिकीचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझे रामकिसनमामा, आईचे सख्खे भाऊ, त्यांनी माझ्यासाठी अणदूरचं स्थळ आणलं. धोंडप्पांची मुलगी, दीपमाला. त्याआधी नऊ ठिकाणांहून नकार आलेला. एकानं सांगितलं, मुलगा बोलत नाही. एकानं सांगितलं, मुलगा पांढरा दिसतो. अहो, पीठ आहे ते! तर आम्ही बघायला गेलो. पोहे आले, ती आली, मी जमिनीकडं बघत बसलो. तिनं विचारलं, शिक्षण किती झालंय? माझ्या तोंडातनं आवाज निघेना, म्हणून मी दोन्ही हात वर करून आठ बोटं दाखवली. ती हसली. वाईट नाही हसली हो. चांगलं हसली. म्हणाली, आमच्याकडं चहात साखर किती घालू विचारलं तरी लोक भाषण करतात, हे बरंय. आणि आठ दिवसांत होकार आला. मला! फक्त बोलणी करून सुपारी फोडायची राहिली होती, आणि त्यासाठी सोमवारी दुपारी अणदूरला जेवायचं आमंत्रण ठरलं. त्या दिवसापासनं गिरणीत मी डबा ओतताना एकटाच हसायचो. धुरपताबाईनं रोजचं वाक्य म्हणलं की मी मनात म्हणायचो, मावशी, मिळाली.

आणि त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, आमच्या मैदानावर फायनल. मुरुम विरुद्ध अणदूर. अणदूरचा पुढचा हुकमी खेळाडू कोण? योगीराज. हा योगीराज कोण? दीपमालाचा सख्खा थोरला भाऊ. आणि त्याची खेळायची पद्धत काय? तर मॅच सुरू झाली की समोरच्या गोलकीपरशेजारी जाऊन उभं राहायचं. तिथं त्याच्याशी ख्यालीखुशाली बोलायची, गाय व्याली का, ऊस गेला का, आणि चेंडू आला की टोकरायचा आत. आमच्याकडच्या मॅचांत तोवर ऑफसाईड कुणी लावतच नव्हतं, त्यामुळं ह्याच्या नावावर गोलच गोल. पण यंदा रेफ्री होते सादचे वडील, लालमहंमदचाचा, तरुणपणी हैदराबादेत खेळून आलेले, आणि ते अडून बसले की खेळायचं तर कायद्यानं, नाहीतर विटीदांडू खेळा.

चाचांचा कायदा पक्का, पण डोळ्यांत मोतीबिंदू. एक पिकलेला आणि एक पिकायला लागलेला. म्हणून लाइनमन पाहिजे, जो खोटं सांगणार नाही. आणि सगळ्या कमिटीनं एकमतानं कुणाचं नाव घेतलं? ज्यानं आईचा डबा सातवा ठेवला त्याचं. चाचांनी मला बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला. ‘बेटा, मेरे कू दूर का दिखता नै. तेरा झंडा हईच मेरी आँख.’ आता एवढा मोठा माणूस असं म्हणल्यावर काय करता? झेंडा आईनं जुन्या पिवळ्या परकराचा शिवून दिला. मैदानाच्या रेषाही मीच आखल्या, गिरणीतलं झाडलेलं पीठ टाकून, आणि मध्यंतरात शेळ्यांनी येऊन एका बाजूची पेनल्टीची चौकट चाटून साफ केली ते वेगळंच.

मामा मॅचच्या आधी भेटले. म्हणाले, उद्या बोलणी आहेत, आज आजारी पड. मी मान हलवली नाही. मग म्हणाले, उभाच राहायचं तर हात खिशात घालून उभा राहा. धोंडप्पाही आले होते, पांढरा फेटा, कडक इस्त्री. माझ्याजवळ येऊन लई मायेनं म्हणाले, पाहुणे, उन्हात कशाला उभं राहता, तिकडं लिंबाखाली सावलीत बसा. लिंब कुठं, तर कॉर्नरच्या मागं पन्नास पावलांवर. मी म्हणालो, नाही, बरंय इथं. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. गाय घेताना दात बघतात तसं.

तर मॅच सुरू झाली. माझ्या रेषेच्या मागं अख्खं अणदूर उभं, ट्रॅक्टर भरून आलेलं, प्रत्येकाच्या खिशात खंडोबाचा भंडारा. ‘जावईबापू, जरा वाका, दिसंना,’ असं चाललेलं. मला आपलं आतनं गुदगुल्या. जावईबापू! आणि साद दर पाच मिनिटांनी ‘उठा’ म्हणून ओरडायचा, चौघं पुढं यायचे, योगीराज गोलकीपरशेजारी गाईची चौकशी करत एकटाच मागं राहायचा... पण त्याच्याकडं चेंडूच येत नव्हता, त्यामुळं मला झेंडा उचलायची पाळीच आली नाही. मी देवाला म्हणत होतो, खंडोबा, फक्त चेंडू इकडं येऊ देऊ नको. शून्य-शून्य सुटू दे. सत्तर मिनिटं देवानं ऐकलं. पंच्याहत्तर ऐकलं. शेवटच्या मिनिटाला देव कुठं बघत होता काय माहीत.

अणदूरच्या माणसानं मधनं लांब चेंडू उचलला. साद म्हणाला, ‘उठा!’ चौघं उठले. एका दमात, तामलवाडीच्या पंगतीसारखे. योगीराज, जो नेमका ह्याच वेळी गोलकीपरला सोडून त्यांच्या रांगेत येऊन उभा होता, एकटा राहिला, एक हात पुढं. एक हातच हो, जास्त नाही. मला तो क्षण असा दिसला जसा रोज सकाळी धुरपताबाईचा डबा दिसतो. योगीराजनं चेंडू घेतला आणि टोकरला आत.

आणि मी हात वर केला.

आता पुढं काय झालं, ते ऐका आणि मला सांगा की जगात असं कुठं होतं का. गोल झाला म्हणून अणदूरकरांनी ‘येळकोट येळकोट’ करून मुठी मुठी भंडारा उधळला, सगळा माझ्यावर, आणि त्या पिवळ्या धुरळ्यात त्यांना काय दिसलं? जावई पिवळा झेंडा उंच धरून उभा! त्यांना वाटलं, जावयानं खंडोबाचं निशाण उचललं! मुरुमचा असून आपल्या गोलवर नाचतोय! दणकट माणसं ती, दोघांनी मला पायाला धरून खांद्यावर घेतलं. मी वरनं ओरडतोय, अहो, ऑफसाईड, ऑफसाईड... कोण ऐकतं? माझा आवाज तो केवढा? बारा वर्षांचा आटलेला. ते खालनं ‘जय मल्हार’ आणि मी वरनं ‘ऑफसाईड’. ते जितकं मला उंच उचलतील तितका झेंडा उंच. आणि चाचा मैदानाच्या मधे डोळे बारीक करून शोधतायत, झंडा किधर है, झंडा किधर है... एरवी त्यांना दिसला नसता हो! खरंच दिसला नसता. मी जमिनीवर असतो तर त्यांना माणूस कुठला आणि बकरी कुठली कळलं नसतं. पण सासरच्या लोकांनी मला आठ फूट वर धरला होता. चाचांनी शिट्टी मारली. गोल रद्द.

पहिल्यांदा ढोल थांबला. मग येळकोट थांबला. मग सगळ्यांनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी अजून खांद्यावरच होतो, झेंडा अजून वर. तुम्हाला सांगतो, खांद्यावर घेताना माणसं हळू घेतात, टाकताना तसं नसतं. मी पाठीवर पडलो. आणि तेवढ्यात अणदूरचा गोलकीपर, तोही नाचायला मधे आलेला, तोंडभर भंडारा, आणि इकडं सादनं ऑफसाईडची फ्रीकिक म्हणून चेंडू ठेवला, दुसऱ्याला जरा ढकलला, त्यानं लांबनं मारला, आणि रिकाम्या गोलात चेंडू रांगत रांगत गेला. लहान लेकरासारखा, घाई न करता. एक-शून्य. मुरुम जिंकलं. मी पडल्या पडल्या आभाळाकडं बघत होतो. अंगभर हळद. मनात आलं, एवढीच लिहिलेली होती वाटतं. सादनं ढाल उचलली, मिठाई वाटली, आणि मला म्हणाला, तुझी पंगत जिंकली यार. आणि गल्लीतली पोरं मागं लागली, ‘हळद लागली, नवरी कुठाय?’ सगळ्यांना मी दिसलो. पण मी काय केलं होतं? मी फक्त हात वर केला होता!

दुसऱ्या दिवशी जायचं की नाही? आई म्हणाली, तोंड कसं दाखवायचं. मामा म्हणाले, पुरण शिजायला टाकलेलं असतं, आमंत्रण मोडलं तर आणखी वाईट. वडिलांनी तीन बोटांचा हात कपाळाला लावला. शेवटी मामा आणि मी गेलो. कानामागं हळद राहिलीच होती.

आणि स्वागत काय सांगू! पाय धुवायला पाणी, टॉवेल, या पाहुणे, बसा पाहुणे. कुणी मॅचचं नावच काढेना. माझं मन एवढं भरून आलं. म्हणलं, मोठी माणसं आहेत. ओसरीवर पंगत मांडली, बारा-तेरा ताटं, मी मधोमध, माझ्या उजव्या हाताला मामा, डाव्या हाताला योगीराज, आणि टोकाला धोंडप्पा. पुरणाच्या पोळ्या, तूप, आमटी. दीपमाला वाढत होती. माझ्या ताटात वाढताना तिची बांगडी वाजली, दुसऱ्यांना वाढताना वाजली नाही. मला तसं वाटलं, बाकी देव जाणे.

चार घास झाल्यावर योगीराजनं मोबाईल काढला. कुणीतरी मॅचची शूटिंग केलेली. नेमका तो क्षण थांबवलेला. मोबाईल ताटावरनं ताटावर फिरायला लागला, काचेवर तुपाची बोटं उमटत. धोंडप्पांनी चष्मा लावला. लई वेळ बघितलं. आणि ते म्हणाले, ‘पाहुण्यांचं बरोबर हाय. एक हात पुढंच हाय आपलं पोरगं.’

तुम्हाला काय सांगू... मला वाटलं उठून पाया पडावं. अख्ख्या तालुक्यात पहिला माणूस, ज्यानं मी बरोबर होतो म्हणलं, आणि तो माझा सासरा! मग त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, ते ऑफसाईड का काय म्हणता, ते नीट समजून सांगा बरं आम्हाला. आम्ही अडाणी माणसं.

आणि मी बोललो. बारा वर्षं आटलेला झरा फुटला. दाराआड दीपमाला उभी होती, तिच्या साडीचा काठ दिसत होता, त्यामुळं मी आणखी बोललो. पंगतीचंच उदाहरण दिलं, पंगतीतच बसलो होतो ना. म्हणालो, समजा आपण सगळे जेवतोय आणि सगळे एकदम उठले आणि एकटाच बसून राहिला, तर तो ऑफसाईड.

‘असं व्हय. पर बसलेल्याची काय चूक त्यात?’

‘काहीच नाही. बाकीचे उठतात म्हणून तो चुकतो.’

‘अन् उठायचं कवा?’

‘सगळ्यांनी एका दमात. एक जरी बसून राहिला तर डाव फसतो.’

हे मी सांगितलं! मी, माझ्या तोंडानं, न विचारता, त्यांच्या डावात खोट राहू नये म्हणून! धोंडप्पांनी मान हलवली, चांगल्या विद्यार्थ्यासारखी. आमटीचा एक भुरका मारला. ताटातच हात धुतला.

‘कळलं,’ म्हणाले. ‘चला मंडळी. उठा.’

सगळे उठले. एका दमात. मुरुमच्या चौघांना दोन महिने लागले होते, अणदूरच्या दहा-बारा जणांना एकदाच सांगावं लागलं. योगीराज उठला. आता तुम्ही म्हणाल, मामा? मामा होते ना अजून. तेच सांगतो. मामा बसलेलेच होते. आणि नियम नियम असतो, मामा माझ्या रेषेत बसून राहिले असते तर मी ऑफसाईड नव्हतो. मी त्यांच्याकडं बघितलं. मामांनी माझ्याकडं बघितलं, मग त्या दहा-बारा जणांच्या पायांकडं बघितलं, मग स्वतःच्या ताटातल्या अर्ध्या पोळीकडं बघितलं. आणि मामा उठले. अर्धी पोळी हातात घेऊन उठले.

मी एकटा. समोर भरलेलं ताट.

आता माणसानं अशा वेळी काय करावं? रडावं, भांडावं, ताट ढकलावं? पण मला दिसत होतं ना ते. स्वच्छ दिसत होतं. डाव झाला होता, नियमानं झाला होता, आणि ते बघायला तिथं दुसरा लाइनमन नव्हता. मी हात वर केला. स्वतःवरच केला.

आणि दीपमाला पोळ्यांची टोपली घेऊन बाहेर आली. तिनं बघितलं, ओसरीवर सगळे उठून गेलेत आणि एकटा माणूस हात वर करून बसलाय. ती जरा थांबली. मग जवळ आली आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली, वर तूप घातलं. तिला वाटलं असेल, मागतोय. का तिला सगळं कळलं होतं आणि तिच्या हातात वाढण्यापलीकडं काहीच नव्हतं? ते मला अजून ठरवता येत नाही, आणि त्याची शूटिंगही कुणी केलेली नाही. तिनं विचारलं, ‘अजून?’ मी मान हलवली. आडवी हलवायची होती, उभी हलली. तिनं अजून एक वाढली.

बाहेर पायऱ्यांवर धोंडप्पा चूळ भरता भरता मामाला सांगत होते. मला आत सगळं ऐकू आलं, तिथं काही गिरणी चालू नव्हती. ‘पोरगं खरं हाय, नाव ठिवायला जागा न्हाय. पर एवढं खरं माणूस जावई म्हणून झेपायचं न्हाय आमाला. उद्या आमचंच कायबी दिसलं त्याला, तर ते हात वर करनार.’ आणि मामा म्हणाले, व्हय, ते बी खरं हाय. मी दोन्ही पोळ्या खाल्ल्या. पानात टाकायचं नसतं, अशी शिकवण आहे आमच्या घरची.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गिरणी उघडली. झाडून घेतलं. झेंडा खुंटीला होता, त्यानं पट्ट्याजवळची धूळ पुसली, कापड चांगलं आहे. रांगेत चार डबे होते आणि धुरपताबाईचा पाचवा. मी बटणापाशी गेलो, वळून बघितलं, तर तो दुसरा झालेला. लुगड्याखालनं अंगठा दिसत होता. मनात म्हणालो, शंभू, आजच्या दिवस सोड. एक डबा पुढं गेल्यानं काय जग बुडणार आहे? लई वेळ उभा राहिलो. मग गेलो, डबा उचलला आणि पाचवा ठेवला.

तिनं तोंड उघडलं. रोजचं वाक्य अगदी ओठापर्यंत आलं होतं, मला दिसलं. तिनं माझ्या कानामागच्या हळदीकडं बघितलं आणि तोंड मिटून घेतलं. बारा वर्षांत पहिल्यांदा तिनं विचारलं नाही, कोण पोरगी देईल म्हणून. उत्तर कालच सगळ्या गावाला कळलं होतं. मी बटण दाबलं आणि पहिला डबा ओतला.